न लिहिलेली वही

४ ऑगस्ट २००६ रोजी एओएल या अमेरिकी कंपनीच्या संशोधन विभागाने इंटरनेटवर एक फाइल ठेवली. लोक सर्च कसं करतात याचा अभ्यास करणाऱ्यांना खरी सामग्री मिळावी, हा हेतू. त्या फाइलमध्ये सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले दोन कोटी शोध होते. काय शोधलं, किती वाजता शोधलं, मग कुठल्या लिंकवर क्लिक केलं, सगळं. नावं काढून टाकली होती आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. कंपनीच्या मते एवढं पुरेसं होतं.

पाचच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या दोन बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकामागचं माणूस शोधून काढलं. जॉर्जिया राज्यातल्या एक वयस्कर बाई. त्यांनी आपल्या गावात बागकाम करणारे शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, कुत्र्याच्या खोडीवर उपाय शोधला होता. एवढ्यावरून घर सापडलं. त्यांच्या यादीत आजारांबद्दलचे शोधही बरेच होते. ते त्यांचे स्वतःचे नव्हते. मैत्रिणींची काळजी कमी व्हावी म्हणून त्या त्यांच्या आजारांची माहिती काढून देत. पण नुसती यादी वाचणाऱ्याला त्या बाईच नाना रोगांनी जर्जर आहेत असं वाटलं असतं.

कंपनीने फाइल काढून टाकली, माफी मागितली, तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनी पद सोडलं. फाइलच्या प्रती मात्र तोवर जगभर गेल्या होत्या. त्या परत गोळा करता येत नाहीत.

‘गूगलला चांगला पर्याय कोणता?’ असं मला हल्ली बरेच जण विचारतात. डकडकगो की ब्रेव्ह, स्टार्टपेज की क्वांट? यांची तुलना करणारे तक्ते भरपूर मिळतात. पण त्या तक्त्यांत बहुधा बटणं मोजलेली असतात. मला वाटतं, गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर तुलनेसाठी तीनच प्रश्न हाती लागतात. तुमच्या शोधांची वही कोण ठेवतं? उत्तरं कुणाच्या साठ्यातून येतात? आणि पैसे कुठून येतात?

वही ठेवायची गरज होती का?

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८मध्ये गूगलची रचना सांगणारा निबंध लिहिला. जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच, अशी शंका त्यांनी त्याच निबंधात नोंदवून ठेवली होती. त्याच वर्षी बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शब्दांचा लिलाव सुरू केला. ‘चष्मा’ या शब्दासाठी जो दुकानदार जास्त बोली लावेल, त्याचं नाव वर. ऑक्टोबर २०००मध्ये गूगलनेही ॲडवर्ड्स सुरू केलं आणि शब्दाशेजारची जाहिरात हाच त्यांचा मुख्य धंदा झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ‘चष्मा’ शोधणाऱ्याला चष्म्याची जाहिरात दाखवायची तर तो माणूस कोण आहे, काल त्याने काय शोधलं, हे माहीत असण्याची गरजच नाही. त्याला काय हवंय ते त्याने आत्ताच सांगितलं आहे. वर्तमानपत्रात फेसबुकसारखी ओळख नसते, तरी विवाहविषयक जाहिराती विवाहविषयक पानावरच येतात, तसंच हे.

मग वही का ठेवली गेली? सुरुवातीचं कारण साधं होतं: इंजिन सुधारण्यासाठी. लोक एखादा शब्द चुकीचा टाइप करतात आणि दोन सेकंदांनी दुरुस्त करतात. अशा लाखो जोड्या पाहिल्या की इंजिन शुद्धलेखन सुचवू लागतं. कुठल्या लिंकवर लोक जातात आणि लगेच परत येतात, यावरून कुठली लिंक फसवी हे कळतं. पुढे धंदा रुंदावला. २००७मध्ये गूगलने ३१० कोटी डॉलरला डबलक्लिक ही जाहिरात कंपनी घेण्याचं जाहीर केलं. २००८मध्ये व्यवहार पूर्ण झाला. आता जाहिराती दुसऱ्यांच्या वेबसाइटवरही दाखवायच्या होत्या. तिथे वाचक काही मागत नसतो, तो बातमी वाचत असतो. त्याला काय दाखवायचं हे ठरवायला तो कोण आहे हे ठाऊक असावं लागतं. १ मार्च २०१२पासून गूगलने आपली साठेक वेगवेगळी गोपनीयता धोरणं एकत्र करून एकच केलं. मेल, व्हिडिओ, नकाशे आणि शोध अशा वेगवेगळ्या वह्या एका खात्याखाली जोडता येऊ लागल्या.

वही असली की मागणारा येतो

एओएलच्या फाइलच्या सहा-सात महिने आधी, जानेवारी २००६मध्ये, एक वेगळी बातमी आली होती. लहान मुलांना अश्लील मजकुरापासून वाचवण्यासाठी केलेल्या एका कायद्याचा बचाव अमेरिकेचं न्याय खातं कोर्टात करत होतं. त्या खटल्यासाठी पुरावा म्हणून त्यांनी चार मोठ्या कंपन्यांकडे लोकांच्या शोधांचे नमुने मागितले. तिघींनी कमी-अधिक प्रमाणात माहिती दिली. गूगलने नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मार्चमध्ये निकाल लागला: ५० हजार वेबपत्ते द्यायचे, लोकांचे शोध द्यायचे नाहीत.

गूगलची ती भूमिका चांगलीच होती. पण या खटल्यात कुणावर गुन्ह्याचा संशय नव्हता, कुठल्याही एका माणसाचा तपास चालू नव्हता. वही आहे हे माहीत होतं, म्हणून मागितली गेली. एकदा मागणारा सरकार असतो, एकदा हॅकर, एकदा नवा मालक. आणि एओएलच्या बाबतीत तर कुणी मागितलीही नव्हती.

ग्रंथपालांचं उत्तर

हे वाचताना मला माझं जुनं काम आठवतं. मी काही वर्षं एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेव सांभाळत होते. रजिस्टरमध्ये सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. पुस्तक हरवू नये एवढाच त्याचा उद्देश. पण ते रजिस्टर सलग वाचलं तर गावातल्या माणसांबद्दल किती कळतं, हे मला पहिल्या महिन्यातच उमगलं. हिंदू विवाह कायद्यावरचं पुस्तक कोणी नेलं, वंध्यत्वावरचं कोणी नेलं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वयाच्या पस्तिसाव्या वर्षीही कोण नेतंय. आणि जे कळलं ते बरोबरच असेल असंही नाही. कायद्याचं पुस्तक नेणारी बाई वकिली शिकणाऱ्या भाचीसाठी नेत असेल.

ग्रंथपालांच्या पेशाने या प्रश्नाचा विचार कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी केला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९च्या आचारसंहितेत वाचकाबद्दल कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणं हे कर्तव्य मानलं आहे. २००१मध्ये पेट्रियट कायदा आला आणि तपास यंत्रणांना वाचनालयांच्या नोंदी मागणं सोपं झालं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझसारख्या ठिकाणच्या ग्रंथपालांनी गरज संपलेले कागद यंत्रात घालून फाडायला सुरुवात केली. पुस्तक परत आलं की वाचक आणि पुस्तक यांचा धागा तोडायचा. कायदा मोडायचा नाही, खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं: नोंद नाही.

प्रायव्हसी जपणाऱ्या सर्च इंजिनांनी केलं ते हेच. ‘तुमची माहिती आम्ही सुरक्षित ठेवू’ आणि ‘तुमची माहिती आम्ही ठेवतच नाही’ या दोन वाक्यांतला फरक जाहिरातीत दिसत नाही. पण पहिल्या वाक्यासाठी कुलूप, पहारेकरी, वकील आणि मालकाची नियत, सगळं कायम शाबूत राहावं लागतं.

न लिहिणारे

एओएलची फाइल बाहेर यायच्या महिनाभर आधी, जून २००६मध्ये, नेदरलँड्समधल्या इक्सक्विक या छोट्या इंजिनाने वापरणाऱ्यांचे आयपी पत्ते पुसायला सुरुवात केली. ज्याचा आपल्याला उपयोग नाही ते साठवायचं कशाला, हा साधा हिशेब. जानेवारी २००९पासून तर त्यांनी आयपी नोंदवणंच बंद केलं. याच कंपनीचं दुसरं रूप म्हणजे आजचं स्टार्टपेज. इंग्लंडमध्ये मार्क स्मिथ यांनी २००४मध्ये सुरू केलेल्या मोजीकनेही २००६मध्ये माग न काढण्याचं धोरण स्वीकारलं.

२००८मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून गेब्रिएल वाइनबर्ग यांनी डकडकगो सुरू केलं. नाव लहान मुलांच्या एका खेळावरून. सुरुवातीला त्यांचा भर चांगल्या, कचरा कमी असलेल्या निकालांवर होता. प्रायव्हसी हा झेंडा नंतर आला. २०११मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्याकडेला मोठा फलक लावून गूगल माग काढतं, आम्ही काढत नाही, असं जाहीर केलं. तरी लोक थोडेच येत होते. जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी गुप्तहेर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढली आणि चित्र पालटलं. डकडकगोवरचे रोजचे शोध सुमारे १७ लाखांवरून काही आठवड्यांत ३० लाखांवर गेले. २०१४मध्ये ॲपलने आयफोनच्या सफारीत त्याला पर्याय म्हणून जागा दिली. जानेवारी २०२१मध्ये एका दिवसात दहा कोटी शोधांचा टप्पा ओलांडला गेला.

आकडा मोठा वाटतो. पण गूगलने २०२५मध्ये स्वतः सांगितलेला आकडा वर्षाला पाच लाख कोटींहून जास्त शोधांचा आहे. म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक.

पाणी कुणाच्या विहिरीचं?

आता दुसरा प्रश्न. सर्च इंजिन चालवायचं तर आधी जगभरची पानं वाचून त्यांची सूची करावी लागते. तिला इंडेक्स म्हणतात. अब्जावधी पानं पुन्हा पुन्हा वाचायची, साठवायची, क्रम लावायचा. हे इतकं खर्चिक आहे की इंग्रजी आणि युरोपीय भाषांसाठी असा मोठा इंडेक्स प्रामुख्याने गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं बिंग या दोघांकडेच आहे. बाकीचे बहुतेक जण त्यांच्या विहिरीवरून पाणी आणून विकतात.

स्टार्टपेज तुमचा शोध तुमची ओळख काढून गूगलला विचारतं. निकाल गूगलचे, चेहरा झाकलेला. त्याची ‘ॲनॉनिमस व्ह्यू’ ही सोय चांगली आहे: निकालातलं पानही ते मध्यस्थ बनून उघडून देतात. मात्र २०१९मध्ये या कंपनीत सिस्टमवन या जाहिरात कंपनीशी संबंधित गुंतवणूक आली, तेव्हा बरेच जुने वापरकर्ते अस्वस्थ झाले. डकडकगोचे साधे निकाल मुख्यतः बिंगचे. फ्रान्सचं क्वांट आणि झाडं लावण्यासाठी प्रसिद्ध असलेलं जर्मनीचं इकोसिया यांनीही वर्षानुवर्षं बिंगवरच भागवलं.

परावलंबनाची किंमत २०२२मध्ये दिसली. डकडकगोचा मोबाइल ब्राउझर इतर वेबसाइटवरचे बरेच ट्रॅकर अडवतो, पण मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर अडवत नाही, असं एका संशोधकाने दाखवून दिलं. कारण कंपनीने मान्य केलं: मायक्रोसॉफ्टशी असलेला करार. सर्चमधलं वचन मोडलं नव्हतं, पण ज्याच्याकडून पाणी घेतो त्याची अट ऐकावी लागली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ती सूट बरीचशी काढून टाकली. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगचे निकाल इतरांना पुरवणारी खुली सेवाच बंद केली. डकडकगोसारख्या मोठ्या ग्राहकांचे स्वतंत्र करार टिकले. छोट्यांना दुसरीकडे पाहावं लागलं. क्वांट आणि इकोसिया यांनी त्याआधीच, २०२४मध्ये, एकत्र येऊन युरोपचा स्वतःचा इंडेक्स उभारायची घोषणा केली होती.

स्वतःची विहीर खणणारे थोडे आहेत. मोजीकची लहान पण स्वतःची आहे. जर्मनीत क्लिक्झ या कंपनीने एक इंडेक्स उभारला होता. ती २०२०मध्ये बंद पडली. तिथल्या मंडळींचं काम ब्रेव्हने २०२१मध्ये विकत घेतलं आणि त्यावर ब्रेव्ह सर्च उभं राहिलं. २०२३मध्ये त्यांनी बिंगचा उरलासुरला आधारही काढला.

तिसरा प्रश्न पैशाचा. गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी नोकरी सोडून नीवा नावाचं, जाहिराती नसलेलं, वर्गणीवर चालणारं इंजिन काढलं. जाहिरातीचा धंदा आतून पाहिलेला माणूस हे करतो आहे, म्हणून अनेकांना आशा होती. २०२३मध्ये त्यांनी ते लोकांसाठी बंद केलं. चांगलं इंजिन बनवणं जमलं, पण लोकांना आपलं डिफॉल्ट बदलायला लावणं फार अवघड गेलं, हा त्यांच्या सांगण्याचा सारांश. वर्गणीवर चालणारं कागी मात्र आज तग धरून आहे. तिथे महिन्याला डॉलरमध्ये पैसे मोजावे लागतात आणि खातं उघडावं लागतं. खात्यामुळे ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांनी २०२५मध्ये वेगळी तांत्रिक सोय आणली. बाकीचे बहुतेक जण ‘चष्मा’ या शब्दाशेजारी चष्म्याची जाहिरात दाखवतात. १९९८ची जुनी युक्ती, वहीशिवाय.

काय झाकलं जातं, काय नाही

इंजिन बदललं म्हणून माणूस अदृश्य होत नाही. तुम्ही कुठल्या वेबसाइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला साधारणपणे दिसतं. निकालातून ज्या साइटवर जाल तिचे स्वतःचे ट्रॅकर असतात. आणि इन्कॉग्निटो विंडो मुख्यतः तुमच्याच फोनवर इतिहास ठेवत नाही. समोरच्याला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२०मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४मध्ये कंपनीने तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये एका घराला आग लावली गेली आणि एका स्थलांतरित कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. पोलिसांकडे धागा नव्हता. त्यांनी गूगलला विचारलं: आगीच्या आधीच्या पंधरवड्यात हा पत्ता कोणी कोणी शोधला? त्या उत्तरातून संशयित सापडले. २०२३मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा चालू दिला, पण माणसाच्या सर्च हिस्टरीला राज्यघटनेचं संरक्षण आहे, हेही मान्य केलं. वही नसती तर कदाचित हे गुन्हेगार सुटले असते. हे मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. पण त्या एका उत्तरासाठी सगळ्यांचे शोध आधीपासून जपून ठेवलेले असावे लागतात, आणि उद्या तोच प्रश्न एखादं दुसरं सरकार ‘या दवाखान्याचा पत्ता कोणी शोधला?’ असा विचारू शकतं. दोन्ही पारडी बघूनही मला न लिहिलेली वही जड वाटते.

आपल्याकडे

भारतात २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. जुलै २०२०च्या सुरुवातीला काही दिवस देशातल्या अनेक नेटवर्कवर डकडकगो उघडतच नव्हतं. बऱ्याच जणांना हे कळलंही नाही, कारण वापरणारेच कमी. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि नवा फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडायची मुभा द्यावी असं सांगितलं. जानेवारी २०२३मध्ये गूगलने भारतात तसा निवडीचा पडदा आणायचं जाहीर केलं. अर्थात दुकानदार घाईघाईत फोन चालू करून हातात देतो तेव्हा तो पडदा कोण वाचतं?

एक अडचण मात्र आपली स्वतःची आहे. छोट्या इंजिनांवर मराठीत शोधलं तर माझ्या अनुभवात निकाल विरळ येतात, आणि देवनागरी दिसली की हिंदी पानं पुढे येतात. सातबारा, फेरफार, जातपडताळणी असे शब्द गूगलवर जितके नीट सापडतात तितके इतरत्र नाहीत. इंग्रजीत शोधणाऱ्याला प्रायव्हसी जवळजवळ फुकट मिळते. मराठीत शोधणाऱ्याला ती थोड्या गैरसोयीच्या किमतीला घ्यावी लागते. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या भाषेत कुणी मोठा इंडेक्स उभारेपर्यंत राहील.

म्हणून मी सगळ्यांना एकच इंजिन सुचवत नाही, वाटणी सुचवते. सरकारी कामाचे, पत्त्याचे, मराठी संदर्भाचे शोध जिथे नीट सापडतात तिथे करा. आजार, कर्ज, नोकरीची धास्ती, प्रेम, लैंगिकता, आईवडिलांनाही न विचारलेले प्रश्न, यांच्यासाठी वही न ठेवणारं इंजिन ठेवा. स्वतःचा इंडेक्स हवा तर ब्रेव्ह, गूगलचेच निकाल पण ओळख न देता हवे तर स्टार्टपेज, सोपं आणि सगळीकडे चालणारं हवं तर डकडकगो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ अशी एक ओळ असते. ती बदलायला अर्धा मिनिट लागतो. नीवाला लाखो लोकांकडून जे करून घेता आलं नाही, ते एवढंच होतं.